घरच्या लोहारशाळेत हत्यारं कोणती घ्यावीत आणि कशी मांडावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घरामागे १० बाय १२ फुटांची पत्र्याची शेड मोकळी आहे. विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी शेवटायच्या (तापवून, ठोकून धार काढायच्या) आहेत आणि पुढे नवीन घडवायच्याही आहेत. पैसे बेताचे आहेत. कोणती हत्यारं आधी घ्यावीत, किती वजनाची घ्यावीत आणि कुठे ठेवावीत?

खरेदीच्या आधी मांडणी ठरवा. विळ्याचं पातळ पान भट्टीतून काढून थंड ऐरणीवर टेकवलं की आठ-दहा सेकंदांत घडाईच्या कामातून जातं. जाड कमानपाटा (ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा) थोडा जास्त वेळ देतो, पण तोही थांबत नाही. तेवढ्या वेळात तुमचा हात, हातोडा आणि माल एका जागी आले पाहिजेत. महागडी ऐरण घेऊन ती भट्टीपासून सात फुटांवर ठेवली, तर प्रत्येक तापाचा निम्मा वेळ चालण्यात जातो. मग माणूस गार लोखंडावर जोर लावतो आणि पानाला कडेला चिरा पडतात.

पहिला निर्णय म्हणजे काम बसून करायचं की उभं राहून. आपल्याकडची जुनी रीत बसून काम करण्याची आहे. त्यात भट्टी जमिनीत असते, ऐरण जमिनीत पुरून वीतभर वर काढलेली असते आणि भाता शेजारी असतो. विळे-खुरप्यांसारख्या हलक्या कामाला ही रीत उत्तम. सगळं हाताच्या टप्प्यात राहतं आणि पायाने माल दाबून धरता येतो. उभ्याने काम करायचं तर भट्टी, ऐरण, व्हाइस (माल आवळून धरायचा शिकंजा) तिन्ही वर उचलावी लागतात. दोन्ही रीती बरोबर आहेत. चूक होते ती सरमिसळीत. भट्टी जमिनीवर आणि ऐरण कमरेला असली की दर तापाला वाकून उठावं लागतं आणि महिन्याभरात कंबर धरते. मांडी घालून तासन्‌तास बसायची सवय नसेल, तर उभ्याची मांडणी करा. पुढचं सगळं उभ्या कामासाठी सांगतो.

शेडच्या मध्याच्या थोडं मागे ऐरण ठेवा. भट्टीचा मध्य आणि ऐरणीचा मध्य यांत साडेतीन ते चार फूट अंतर हवं, म्हणजे एक पाय रोवून वळलं की माल ऐरणीवर येतो. व्हाइस दुसऱ्या बाजूला एका पावलावर. पाण्याचं पिंप भट्टीच्या उजव्या कोपऱ्याला, तेलाचा डबा मात्र भट्टीपासून चार-पाच फूट लांब, झाकणासकट. ऐरणीभोवती तीन बाजूंनी निदान तीन फूट मोकळी जागा सोडा, नाहीतर घण मारणारा माणूस उभाच राहू शकत नाही.

शेडची उघडी बाजू पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. पश्चिमेला तोंड असेल तर जूनपासून चार महिने कोळसा ओला आणि ऐरण तांबेरलेली राहील. भट्टीवर थेट ऊन पडू देऊ नका. लोखंडाचा ताप आपण रंगावरून ओळखतो. उन्हात केशरी रंग लाल भासतो, माणूस अजून तापवतो आणि पोलाद जळतं.

जमीन मुरूम चोपून केलेली सगळ्यात चांगली. काँक्रीटवर लाल तुकडा पडला की कपची उडते, आणि ती डोळ्याच्या दिशेनेही उडू शकते. चिकोडी, हुक्केरीकडच्या काळ्या रानात शेड असेल तर ऐरणीखाली दोन फूट खोल, अडीच फूट रुंद खड्डा काढून मुरूम आणि खडी थराथराने ठोकून भरा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे ओंडका दरवर्षी कलतो. खानापूरच्या तांबड्या जमिनीत हा त्रास कमी.

आता ऐरण. नवशिका सर्वात जास्त फसतो तो इथेच. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या रंगवलेल्या ऐरणी पुष्कळदा बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) असतात. बीड घणाखाली खड्डे घेतं, कडा तुटतात. पारख सोपी आहे. एक इंची बेअरिंगची गोळी दहा इंचांवरून ऐरणीच्या तोंडावर सोडा. सात-आठ इंच उसळली तर तोंड टणक आहे. दोन-तीन इंचांत मेली तर ऐरण बिडाची किंवा मऊ. चार-पाच ठिकाणी गोळी टाकून पाहा. एकाच जागी कमी उसळली तर तिथे आत चीर किंवा पोकळी असू शकते. मग हलक्या हातोड्याने वाजवा. चांगली ऐरण खणखणते, तडकलेली भद्द आवाज देते.

तयार ऐरण परवडत नसेल तर बेळगावात सोय आहे. उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये आणि आसपासच्या भंगारात जाड पोलादाचे कापलेले ठोकळे, फोर्जिंगचे बाद झालेले डाय (साचे) मिळतात. भंगाराला कन्नडमध्ये गुजरी म्हणतात, तिकडच्या दुकानात हाच शब्द वापरा. १०० बाय १५० मिलिमीटर जाडीचा आणि ४०० मिलिमीटर लांबीचा ठोकळा साधारण ४७ किलो भरतो. घरच्या कामाला एवढी ऐरण पुरे. शिंग नसलं तरी बिघडत नाही. गोलाईसाठी व्हाइसमध्ये जाड गोल सळई धरता येते. रुळाचा तुकडा वापरायचा असेल तर आडवा न ठेवता उभा पुरा आणि कापलेल्या टोकावर काम करा. आडव्या रुळाची मधली पट्टी पातळ असते, ती घणाखाली स्प्रिंगसारखी नाचते आणि ठोक्याचा जोर खाते. उभा ठेवला की सगळं वजन ठोक्याच्या बरोबर खाली येतं. मीटरला ६० किलोच्या रुळाचा दोन फुटांचा तुकडा ३६ किलोच्या पुढे जातो. मात्र रूळ बिलासकटच घ्या. रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे.

ऐरणीची उंची अशी ठरवा: पायात रोजचे बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा, मूठ वळा. मुठीची पेरं जिथे टेकतात तिथे ऐरणीचं तोंड यावं. साडेपाच फुटी माणसाला ते बहुधा २९-३० इंच येतं. समोर घण मारायला माणूस असेल तर दोन इंच खाली घ्या. उंची जमली की नाही, ते ओल्या मातीच्या गोळ्यावर हातोडा मारून पाहा. हातोड्याच्या तोंडाचा पुढचा भाग खोल उमटला तर ऐरण जास्त खाली आहे, मागचा उमटला तर जास्त वर. ही तपासणी ऐरण पक्की करण्याआधी करा.

ऐरणीखाली बाभळीचा ओंडका, १८ इंच रुंद, कापलेलं टोक वर. वरच्या बाजूला लोखंडी धाव तापवून बसवली की ओंडका फाटत नाही. जमिनीत दीड फूट पुरायचा असेल तर पुरणारा भाग बाहेरून जाळून काळा करा आणि वर जळकं ऑइल पाजा, नाहीतर दोन पावसाळ्यांत वाळवी आतून पोकळ करते. लाकूड नको असेल तर ६ मिलिमीटर पत्र्याची पेटी वेल्ड करून त्यात कोरडी वाळू ठोकून भरा. हिचा फायदा म्हणजे ऐरणीचा टणत्कार पुष्कळ मरतो. घरालगत काम करणाऱ्याने याचा जरूर विचार करावा. ऐरण ओंडक्याला चार पट्ट्यांनी आवळून बांधा. ठोक्याबरोबर ती हलत असेल तर दिवसभराच्या मेहनतीतली बरीच वाया जाते.

नव्या ठोकळ्याच्या कडा धारदार असतात. त्या तशाच ठेवल्या तर कडेवर मारताना मालात बारीक घडी पडते. ती घडी पुढच्या ठोक्यात आत दडपली जाते आणि पाणी देताना (तापलेलं पोलाद पाण्यात किंवा तेलात बुडवून कडक करताना) तिथूनच चीर निघते. एका टोकाला कडेची गोलाई ६ मिलिमीटर, मग कमी करत दुसऱ्या टोकाला २ मिलिमीटर ठेवा. जसं काम तशी कड मिळते.

भट्टीसाठी जीप किंवा टेम्पोचा जुना ब्रेक ड्रम चांगला. तळाला १० मिलिमीटर जाडीची प्लेट, तिला ८ मिलिमीटरची नऊ भोकं. खाली दोन इंची काळा पाइप, त्याला टी. टीच्या एका तोंडाला ब्लोअर (वारा देणारा पंखा), खालच्या तोंडाला राख सांडायची उघडझाप झडप. जस्त चढवलेला पांढरा पाइप वापरू नका. तापलं की जस्ताचा धूर निघतो, संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. ड्रम खोल असेल तर विटांचे तुकडे आणि चिकणमाती लावून आगीची खोली साडेचार-पाच इंच करा. वरचं तोंड नऊ-दहा इंच पुरे. जांभा किंवा नदीतला गोटा आगीजवळ कधीही नको. त्यात मुरलेलं पाणी वाफ होऊन दगड फुटतो.

वारा हाताच्या पंख्याचा की विजेचा? दोन्ही चालतात. मला हाताचा पंखा शिकाऊ माणसाला जास्त योग्य वाटतो. हात थांबला की वारा थांबतो, कोळसा वाचतो, मालही जळत नाही, आणि वीज गेली तरी काम चालतं. विजेचा घेतलात तर पाइपावर सरकती पट्टी हवीच, म्हणजे वारा कमी-जास्त करता येतो. एक गोष्ट ध्यानात ठेवा: ताजा कोळसा टाकून ब्लोअर बंद केला तर कोळशाचा वायू पाइपात उतरतो आणि ब्लोअर परत चालू करताच फट्‌कन स्फोट होतो. वारा बंद करताना राखेची झडप उघडी ठेवायची, हा त्यावरचा उपाय.

इंधनाचे तीन प्रकार मिळतात. लोणारी कोळसा, ज्याला कन्नड बाजारात इद्दिलु म्हणतात, स्वच्छ जळतो. पातळ कामाला आणि पाणी देण्याच्या तापाला तोच चांगला, पण ठिणग्या उडवतो आणि भराभर संपतो. दगडी कोळसा, म्हणजे कल्लिद्दलु, घेताना तुकडा फोडून पाहा. पिवळसर चमकी दिसली तर गंधक जास्त, तो नको. फाउंड्रीचा हार्ड कोक बेळगावात मिळतो, ताप जबर देतो, पण त्याला सतत वारा लागतो आणि हाताचा पंखा थांबला की तो विझतो. कोणताही असो, सुपारीएवढे तुकडे करून वापरा. मोठ्या ढेकळांमधून वारा मोकळा सुटतो आणि मालावर पापुद्रे चढतात. भीमगड अभयारण्याच्या आजूबाजूला राहणाऱ्यांनी रानातलं लाकूड आणून कोळसा पाडू नये. बिलाचाच कोळसा घ्यावा.

माल आगीच्या तळाशी खुपसू नका. भोकांजवळ कच्चा वारा असतो, तिथे पोलाद जळतं. तळाशी तीन इंच पेटता कोळसा, मधे आडवा माल, वर इंच-दीड इंच कोळशाचं पांघरूण. मालातून फुलबाजीसारख्या पांढऱ्या चांदण्या उडाल्या म्हणजे तेवढं टोक मेलं. ते कापून टाका, ठोकून बरं होत नाही. तासाभराने आग मंद वाटली तर वारा वाढवू नका. आधी तळाचा खंगर (कोळशाची वितळून घट्ट झालेली राख) उकरा. तो काचेसारखा वितळून भोकं बुजवतो.

धुराड्याचा पाइप १० इंची हवा, १२ असेल तर उत्तम. सहा इंची पाइप लावला तर धूर शेडमध्येच कोंडतो. पाइप पत्र्याच्या आढ्याच्या निदान तीन फूट वर काढा. पावसाळ्यात चारी बाजू ताडपत्रीने बंद करून भट्टी पेटवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो.

हातोडे तीनच पुरेत. चोचीचा एक ते सव्वा किलोचा रोजच्या कामाला, अर्ध्या किलोचा गोल डोक्याचा रिबिटासाठी, आणि चार किलोचा घण. दोन किलोच्या हातोड्याने काम लवकर होईल असं वाटतं, पण तासाभरात मनगट सुटतं आणि ठोका तिरका पडतो. नव्या हातोड्याचं तोंड सपाट आणि कड धारदार असते. तोंड किंचित फुगीर आणि कड २-३ मिलिमीटर गोल घासा, नाहीतर पानावर चंद्रकोरीसारखे वण उठतात.

दांडा बसवणं घाईचं काम नाही. वाळलेलं लाकूड घ्या, शिरा दांड्याच्या लांबीत सरळ धावणाऱ्या. घणाला भरीव बांबू चांगला, लवतो आणि हाताला झटका कमी देतो. दांडा अंडाकृती ठेवा, गोल दांडा मुठीत फिरतो. हातोड्याच्या डोळ्यात (दांड्याच्या भोकात) बसणारं टोक हळूहळू निमुळतं करा. हातोडा दांड्यावर ठेवून दांड्याच्या बुडावर ठोकत राहा, म्हणजे डोकं स्वतःच्या वजनाने वर चढतं. काळा डाग जिथे पडतो तिथेच कानस फिरवा, परत चढवा. दांडा डोळ्यातून अर्धा इंच बाहेर आला की आडवी लाकडी पाचर ठोका, तिला छेदून लोखंडी पाचर. शेवटी वरच्या टोकाला दोन-तीन दिवस जवसाचं तेल पाजा. सैल हातोडा पाण्यात बुडवून ठेवायची सवय वाईट. लाकूड फुगतं, तंतू चिरडतात, आणि वाळलं की पहिल्यापेक्षा जास्त सैल होतं. असं डोकं निसटलं तर समोर कोण उभं आहे हे ते पाहत नाही.

सांडशी मालाच्या मापाची हवी. १२ मिलिमीटर सळईची एक, २५ बाय ६ पट्टीची एक, कमानपाट्याची एक. जबडे मालाला पूर्ण लांबी टेकले पाहिजेत. नुसत्या टोकांनी धरलेला माल ठोक्याबरोबर फिरतो आणि उडतो. लांबी १६-१८ इंच. दांड्यांवर सरकवायला एक कडी ठेवा, मुठीला आराम मिळतो. सांडशी साध्या मऊ लोखंडाचीच घडवा. पोलादाची केली आणि तापल्यावर पाण्यात बुडवली तर कधीतरी हातातच तुटेल.

व्हाइस ठोकाठोकीचा असेल तर लांब पायाचा घ्या, चार इंची जबड्याचा. पाय जमिनीतल्या दगडावर किंवा जाड प्लेटवर टेकला पाहिजे, लटकता नको. जबडा कोपराच्या उंचीला. टेबलावरचा बिडाचा व्हाइस कानस मारायला ठीक, त्यावर घण मारला तर फुटतो.

पोलाद कुठून आणायचं? निपाणी, संकेश्वर, काकतीपर्यंत महामार्गाच्या कडेला ट्रकच्या कमानी दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्याकडून मोडलेले पाटे मिळतात. मोडलेल्या जागेपासून चार इंच सोडून पुढचाच भाग घ्या, कारण तुटण्याआधी बारीक चिरा आजूबाजूला पसरलेल्या असतात. बांधकामाची सळई धारेच्या हत्याराला निरुपयोगी, तिच्यात कार्बन कमी. ग्राइंडरला लावून ठिणग्या पाहा. साध्या लोखंडाच्या लांब सरळ रेषा निघतात, पोलादाच्या टोकाला बारीक फांद्या फुटतात.

छिन्नी आणि सुंबे (भोकं पाडायची हत्यारं) कॉइल स्प्रिंगच्या सळईचे करा. पाणी देताना छिन्नीचं दोन इंच टोक तापवा. दोऱ्याला बांधलेलं चुंबक त्याला चिकटायचं थांबलं की अजून किंचितच वर न्या. मग टोक पाऊण इंच तेलात बुडवून वर-खाली हलवत राहा. एका जागी धरलं तर तेलाच्या रेषेवर चीर पडते. बाहेर काढून लगेच विटेच्या तुकड्याने घासून टोक पांढरं करा. मागच्या भागातली धग पुढे येते आणि रंग चालू लागतात: आधी फिका पिवळा, मग गव्हाळ, तांबूस, जांभळा, निळा. धारेवर जांभळा आला की पूर्ण बुडवा. पिवळ्यावर थांबवलंत तर धार खापरी उडवेल, निळा ओलांडला तर मुडपेल. डोक्याकडचा भाग मऊच ठेवायचा. तिथे पाणी चढवलं तर हातोड्याच्या ठोक्याने तुकडे उडतात. कमानपाट्याला थेट गार पाणी देऊ नका, ते पोलाद तेलाचं आहे. तेल १५-२० लिटर, जाड पत्र्याच्या उभ्या डब्यात. तापवलेला एखादा तुकडा बुडवून ते हाताला चांगलं गरम लागेल इतकं करून घ्या. गार, घट्ट तेलात माल नीट कडक होत नाही. जळक्या इंजिन ऑइलचा धूर छातीला वाईट, त्यापेक्षा शेंगतेल बरं.

पहिल्या महिन्यात विकत घ्यायची ती ऐरण, एक हातोडा, एक सांडशी, पंखा आणि एक खरखरीत कानस. आगीचा आकडा, कोळशाचं पळं, बाकीच्या सांडशा, छिन्न्या याच भट्टीवर घडवा, त्यातच हात बसतो. ग्राइंडर नंतर आला तरी चालतो. आला की त्याचं गार्ड काढू नका, आणि भट्टीजवळ सुती कपडे, बंद बूट, चष्मा याशिवाय उभे राहू नका. टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं.

दिवस संपताना पेटते निखारे बाजूला ओढून पसरवा, ड्रममध्ये पाणी ओतू नका, तापलेलं बीड तडकतं. राखेची झडप उघडा. ऐरणीवर तेलाचा बोळा फिरवा. अर्ध्या तासाने परत येऊन राखेत आकडा घालून पाहा. आत लाली दिसली तर अजून पसरवा आणि मगच शेडची कडी लावा.